ठरवून घेतलेली तहान

गाडीनं संगमनेर सोडलं आणि अकोलेचा रस्ता धरला, तेव्हा मी मागच्या सीटवरच्या दोघांना नियम सांगायला सुरुवात केली. दोन रात्री पंखा नाही. वायफाय नाही. फ्रीजचं पाणी नाही. संडासाला डबा घेऊन जायचं. पानात पडेल ते खायचं, ‘हे नको, ते नको’ चालणार नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची, ताईचा मुलगा अकरा. दोघंही घाबरायच्या ऐवजी खूश झाले. पुढे बसलेली ताई म्हणाली, ‘बरंच आहे. जरा कळू दे यांना.’

हे ‘जरा कळू दे’ तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. तुम्ही अजून पालक नसाल, पण लहानपणी तुम्हाला कुणीतरी असंच सुट्टीत गडावर, शेतावर, नाहीतर लाइट नसलेल्या मामाच्या गावाला नेलं असेल. किंवा आता तुम्ही स्वतःच ऑफिसला कंटाळून मित्रांबरोबर तंबूत झोपायला जात असाल आणि सोमवारी सांगत असाल, की दोन दिवस फोनला रेंज नव्हती, काय मस्त वाटलं. गैरसोय माणसाला काहीतरी शिकवते, यावर आपला सगळ्यांचा विश्वास आहे. माझाही होता. अजूनही आहे, पण आता तो पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. नेमकं काय कळायला हवं असतं आपल्याला, आणि ते कुणाच्या खर्चानं कळतं, हा प्रश्न त्या दोन दिवसांत मध्ये येऊन बसला.

आम्ही चाललो होतो भंडारदऱ्याला, काजवे बघायला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. धरणाच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर एक लहानसं गाव आहे. तिथल्या एका घरानं अंगणापलीकडच्या खाचरात तंबू लावायची सोय केली होती. भात निघून गेलेला, जमीन तापून भेगाळलेली. समोर खाली जलाशय, त्यापलीकडे कळसूबाई. शिखर १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, पण तिथून बघताना ओळखीच्या माणसासारखं वाटतं. अंगणाच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा निळा ड्रम होता, दोनशे लिटरचा, काठोकाठ भरलेला. घरच्या मावशी म्हणाल्या, ‘हे तुमच्यासाठी भरून ठेवलंय. प्यायचं माठात आहे.’

मी ड्रम पाहिला आणि मनात म्हटलं, चला, सोय चांगली आहे.

दुपारी आम्ही मोठी माणसं जेवून जांभळीखाली आडवी झालो. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वर कैरीची फोड. झोप लागली. जाग आली ती पोरांच्या ओरडण्यानं. दोघांनी करवंदांच्या जाळीत हात-पाय लाल-काळे करून घेतले होते, ते धुवायला ड्रमवर आले होते, आणि धुता धुता एकमेकांवर पाणी उडवायचा खेळ सुरू झाला होता. तांब्यानं सुरू झालेला खेळ बादलीवर गेला होता. खाचराच्या मातीत मोठा ओला डाग पडला होता आणि त्यात दोघं नाचत होती. मी उठून आत डोकावलो. ड्रम अर्ध्यावर आला होता.

मावशी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं, आतून हंडा आणि कळशी आणली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि निघाल्या. त्यांच्यामागे त्यांची नात, माझ्या मुलीच्याच वयाची, लहान कळशी घेऊन.

मी धावत मागे गेलो. ‘मावशी, राहू द्या. जे पाणी गेलं त्याचे पैसे मी वेगळे देतो.’

त्या थांबल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘पैशाचं नाय हो दादा. आता परत खेपा घालाव्या लागतील, एवढंच.’

नंतर मी हिशोब केला. हंड्यात साधारण पंधरा लिटर, वर कळशीत पाच. एका खेपेला वीस. पोरांनी अर्ध्या तासात शंभर लिटर ओतलं होतं, म्हणजे पाच खेपा. एका खेपेला जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. तीन तासांहून जास्त चालणं, तेही मे महिन्याच्या उन्हात. आमच्या खेळाची किंमत एवढी होती आणि ती आमच्यापैकी कुणीही भरली नव्हती.

खरी चूक मी त्यानंतर केली. पोरं मान खाली घालून उभी होती. मला लाज वाटत होती आणि लाज वाटली की मी उपदेश करायला लागतो. पहिल्या खेपेहून ती नात परतली, कळशी उतरवून धापा टाकत उभी राहिली. मी माझ्या मुलीला म्हणालो, ‘बघ. तुझ्याएवढीच आहे ही. किती कष्ट करते बघ. आणि तुम्हाला नळ सोडला की पाणी मिळतं, तर त्याची किंमत नाही.’

हे मी तिच्यासमोर म्हणालो. ती तिथे नसल्यासारखं, किंवा ती म्हणजे भिंतीवर लावलेला तक्ता असल्यासारखं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, ‘मला सुट्टी हाये म्हणून. शाळा असली की मी नाय जात.’ मग माझ्या मुलीकडे वळून खऱ्या कुतूहलानं विचारलं, ‘तुमच्याकडं नळात पाणी कुठून येतं?’

माझी मुलगी म्हणाली, ‘टाकीतून.’

‘टाकीत कुठून येतं?’

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी काहीच बोललो नाही.

*

रात्री काजवे बघायला गेलो. गावातला एक मुलगा वाट दाखवायला बरोबर होता. त्यानं आधीच सांगितलं, टॉर्च बंद, मोबाइल खिशात, मोठ्यानं बोलायचं नाही. काजव्याचा उजेड हा जोडीदाराला दिलेला निरोप असतो. आपला उजेड पडला की तो निरोप पोचत नाही. प्रौढ काजव्याचं आयुष्य फार तर दोन-तीन आठवड्यांचं. त्याआधीचे कित्येक महिने तो अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खात काढतो. त्या मानानं उजेडाचे दिवस थोडेच, आणि त्या दिवसांत एकच काम उरकायचं असतं.

एका सादड्याच्या झाडापाशी आम्ही थांबलो. आधी दोन-चार ठिपके दिसले. मग डोळे अंधाराला सरावले आणि सबंध झाड श्वास घेतल्यासारखं उजळायला आणि विझायला लागलं. एक फांदी उजळे, मग दुसरी, मग सगळी एकदम. पोरं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती. भाच्यानं फक्त एकदा कुजबुजून विचारलं, ‘मामा, त्यांना माहिती आहे का आपण बघतोय ते?’

मी म्हणालो, ‘नाही. त्यांचं आपल्याशी काही देणंघेणं नाही.’

म्हणालो आणि मला दुपारची ती मुलगी आठवली. काजव्यांबद्दल जे मला चटकन कळत होतं, ते तिच्याबद्दल कळलं नव्हतं. तिची खेप ही तिच्या घरची खेप होती. माझ्या मुलीला काही शिकवावं म्हणून ती घातलेली नव्हती.

तंबूत परत आल्यावर झोप येईना. मराठीत दोन शब्द शेजारी शेजारी राहतात: उपवास आणि उपासमार. दोन्हींत पोट रिकामंच असतं. संध्याकाळी जेवायची शक्यता उपवासात असते, उपासमारीत नसते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो, पण साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस यांनी सजलेला उपवास आणि घरात दाणा नाही म्हणून घडलेला उपवास यांतला फरक आपल्या आज्या-पणज्यांना नीट माहीत होता. अमर्त्य सेन यांनी हाच फरक अर्थशास्त्रात नेला. त्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या पानात काय आहे एवढंच बघून त्याची स्थिती कळत नाही. त्याला दुसरं काय निवडता आलं असतं, हेही बघावं लागतं. उपवास करणारा जेवू शकतो आणि जेवत नाही. उपाशी माणसापुढे तो पर्यायच नसतो.

आमची सहल हा उपवास होता. दोन रात्रींचा, गाडीत परतीचं पेट्रोल भरून ठेवलेला. मावशींच्या घरचं पाणी वाहणं हा उपवास नव्हता. ताई म्हणाली होती ‘जरा कळू दे’. पण पहिलं करून दुसरं कळतं का?

हा प्रश्न जुना आहे. पहिल्या शतकातल्या रोममध्ये सेनेका नावाचा तत्त्ववेत्ता होता, नीरो बादशहाचा सल्लागार आणि रोममधल्या मोठ्या धनिकांपैकी एक. ल्युसिलियस या मित्राला लिहिलेल्या अठराव्या पत्रात तो सुचवतो, की अधूनमधून तीन-चार दिवस अगदी साधं, थोडं खाऊन, जाडंभरडं नेसून राहावं. म्हणजे गरिबीची भीती जाते. आजच्या ‘डिजिटल डिटॉक्स’चा हा खापरपणजोबा. पण त्याच पत्रात सेनेका सावधही करतो. रोममधले काही श्रीमंत आपल्या वाड्यात गरिबाची म्हणून एक खोली ठेवत आणि ऐश्वर्याचा कंटाळा आला, की तिथे जाऊन गरीब-गरीब खेळत. मी सांगतोय ते हे नव्हे, असं तो बजावतो. पुढे तो आणखी सांगतो, की असं राहिल्यानं आपण फार मोठं काही केलं असं समजू नये. हजारो गुलाम आणि हजारो गरीब तेच रोज करतात. कौतुक करायचंच तर एवढ्यापुरतं, की आपल्यावर सक्ती नव्हती.

दोन हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर मला तंबूत आठवला आणि वाटलं, आपला तंबू म्हणजे ती खोलीच आहे की.

पण मग करायचं काय? मुलांना डोंगरात न्यायचंच नाही? हा निष्कर्ष सोपा आहे आणि मला तो पटत नाही. एक तर मुलांना अंधार, माती, काटे, चढण यांची ओळख व्हायलाच हवी. अंधाराची भीती जाणं, पाय दुखत असताना आणखी शंभर पावलं टाकता येतात हे कळणं, या गोष्टी घरी बसून होत नाहीत. त्यांच्यासाठी कुणाला पाणी वाहावं लागत नाही. दुसरं म्हणजे, काजव्यांचे हे थोडे आठवडे त्या गावाच्या कमाईचे असतात. शहरातल्या माणसानं अपराधी वाटून घरी बसायचं ठरवलं, तर मावशींच्या खेपा कमी होतील हे खरं, पण हातात येणारे पैसेही जातील. कुणाला न विचारता त्यांच्या वतीनं घेतलेला असा निर्णय हाही एक तोराच.

इथे एक पेच आहे आणि तो मला आधी दिसलाच नव्हता. काजवे येतात ते पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. झरे सगळ्यात आटलेले असतात तेही याच दिवसांत. म्हणजे पाहुणे नेमके तेव्हाच येतात, जेव्हा गावाकडे द्यायला पाणी सगळ्यात कमी असतं. आणि पाहुण्याला पाणी नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही.

जाण्यात चूक नव्हती, असं मला वाटतं. चूक त्या वाक्यात होती: ‘बघ, तुझ्याएवढीच आहे ही.’ इमॅन्युएल कांटनं १७८५ साली मांडलेला एक नियम कॉलेजात पाठ केला होता, की माणसाला नुसतं साधन म्हणून कधी वापरू नये, तो स्वतःच साध्य असतो. परीक्षेत त्यावर पाच मार्क मिळाले होते. पण साधन म्हणून वापरणं म्हणजे फक्त राबवून घेणं, असं मी धरून चाललो होतो. एखाद्याच्या आयुष्याचा धडा करणं, हेही वापरणंच आहे. त्या मुलीच्या थकव्यातून मी माझ्या मुलीसाठी कृतज्ञता काढू बघत होतो, उसातून रस काढावा तशी.

आणि ती कृतज्ञता तरी कसली? ‘तिच्याकडे नाही, तुझ्याकडे आहे, म्हणून खूश राहा.’ या हिशोबात दुसऱ्याचं नसणं ही माझ्या समाधानाची अट होते. तिच्या घरी उद्या नळ आला तर माझ्या मुलीनं कशाबद्दल कृतज्ञ राहायचं? शिवाय अशी कृतज्ञता प्रश्न विचारू देत नाही. देवाच्या दयेनं आपल्याला मिळालं, तिला नाही मिळालं, विषय संपला. प्रत्यक्षात विषय तिथून सुरू व्हायला हवा होता.

*

तो सुरू केला भाच्यानं. सकाळी चहा पिताना खालच्या जलाशयाकडे बोट दाखवत तो म्हणाला, ‘मामा, एवढं पाणी दिसतंय की तिथे. मग आजी उलट्या दिशेला का जातात?’

मला माहीत होतं तेवढं सांगितलं. हे धरण इंग्रजांच्या काळातलं, १९२६ साली पूर्ण झालं. त्याची साठवण सुमारे अकरा टीएमसी. रतनगडाच्या बाजूला उगम पावणारी प्रवरा इथे अडवली आणि तिचं पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहात्याच्या बाजूला नेलं. तिथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले, गावं मोठी झाली. ते पाणी खालच्यांसाठी आहे आणि ते आपल्यापासून कितीतरी खोल आहे. वर चढवायचं तर पंप हवा, पाइप हवा, वीज हवी आणि हे सगळं करायचं असं कुणीतरी ठरवायला हवं.

‘पण इथे पाऊसच पडत नसेल,’ मुलगी म्हणाली.

मावशी हसल्या. पावसाळ्यात इथे घराबाहेर पाय ठेवता येत नाही, असं त्या म्हणाल्या. जवळच्या घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. हजारो मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि काळ्या कातळावरून तसाच धावत धरणात जातो. थरांच्या या खडकात पाणी फारसं मुरत नाही. माती पातळ, उतार तीव्र. होळी झाली की विहीर तळ दाखवते.

‘म्हणजे यांच्या डोक्यावर पडलेलं पाणी दुसऱ्यांना जातं?’ भाचा म्हणाला.

मी ‘हो’ म्हणालो. मग आदल्या दिवशीचा प्रश्न आठवला आणि त्या नातीला उत्तर दिलं. आमच्या नळातलं पाणीही असंच येतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. तीही डोंगरातलीच धरणं, आणि त्या डोंगरांतही गावं आहेत. ती म्हणाली, ‘मग तुमी पण धरणाच्या खालचेच.’

तिनं हे दोष म्हणून म्हटलं नव्हतं. भूगोल म्हणून म्हटलं होतं. माझी मुलगी मात्र बराच वेळ गप्प होती.

आम्ही पाणी आणायला बरोबर येऊ का, असं मी मावशींना विचारलं. विचारतानाही मनात शंका होतीच, की हाही एक ‘अनुभव’च गोळा करतोय का आपण. त्या म्हणाल्या, ‘या की. डबे घेऊन या.’ आम्ही चौघं गाडीतले पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन निघालो. मोबाइल मी तंबूत ठेवला.

वाट ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरली. खडकाच्या कडेला खणलेल्या खड्ड्यात पाणी झिरपत होतं. एक बाई वाटीनं भरत होती, तिच्यामागे पाचजणी बसल्या होत्या. वाटीनं हंडा भरायला किती वेळ लागतो ते बघायला घड्याळ लागत नाही, रांगेतल्या बायकांचं बोलणं ऐकलं की कळतं. कुणाच्या लग्नात किती पानं उठली, कुणाची म्हैस आटली, सगळं निवांत चाललेलं. रांगेत मी एकटाच पुरुष होतो. एकीनं मावशींना विचारलं, ‘यांच्यात गडी भरतात का पाणी?’ सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण उत्तर दिलं नाही, कारण गावातल्या गड्यांबद्दल मला जे म्हणायचं होतं, ते आमच्या सोसायटीतल्या स्वयंपाकघरांबद्दलही म्हणावं लागलं असतं.

परत येताना मुलीनं तिचा कॅन तीनदा खाली ठेवला. पोचेपर्यंत तिच्या बोटांवर वळ उमटले होते. ती नात पुढे चालत होती आणि दर वळणावर थांबून मागे बघत होती. शेवटच्या चढाला तिनं कॅनची दुसरी बाजू धरली. दोघी काहीतरी बोलत होत्या. काय, ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

चौघांनी मिळून आम्ही वीस लिटर आणलं. मावशींची एक खेप. ओतलेल्या पाण्यातल्या अजून चार बाकी होत्या आणि त्या आम्ही भरल्या नाहीत. दुपारी निघायचं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण अशा गोष्टींचा शेवट फेड झाल्यासारखा करायचा मोह होतो. फेड झाली नाही.

निघताना ठरलेले पैसे दिले, वर थोडे जास्त दिले. मावशींनी ते मोजून घेतले आणि पोरांच्या हातात करवंदांचा द्रोण दिला. नातीनं माझ्या मुलीला विचारलं, ‘परत याल का?’ ती म्हणाली, ‘येऊ.’

परतीच्या वाटेवर उसाची शेतं लागली, हिरवीगार, पाटात पाणी वाहत होतं. मागच्या सीटवर कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. ‘बघा’ म्हणायची माझी सवय त्या दिवसापुरती तरी आवरली होती.

थोड्या वेळानं मुलीनं माझा फोन मागितला. मला वाटलं, गेम. पण ती कॅल्क्युलेटर उघडून बसली होती. चार माणसं, दोन रात्री, प्यायला किती, स्वयंपाकाला किती, धुवायला किती. भाचा आंघोळ धरायची की नाही यावर वाद घालत होता. शेवटी दोन दिवस आंघोळ नाही, असं ठरलं.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘पुढच्या वेळी वीस लिटरचे पाच कॅन घरून भरून न्यायचे. डिकीत मावतील?’

मी म्हणालो, ‘चार मावतील.’

‘मग तंबू टपावर बांधायचे,’ ती म्हणाली आणि पुन्हा आकडे मांडू लागली.